मदत हवी आहे: हॅलोवीनच्या घरगुती मेजवानीसाठी शाकाहारी पदार्थ सुचवा

नमस्कार मंडळी,

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ३१ ऑक्टोबर शनिवारी येत असल्यामुळे आमच्या सोसायटीतील मुलांनी हॅलोवीनचा लकडा लावला आहे आणि यजमानपद आमच्या घराकडे आले आहे. मुले, त्यांचे आईवडील आणि आमच्या घरचे ज्येष्ठ धरून वीसेक माणसे होतील. सजावट मुलेच करणार आहेत. माझा प्रश्न केवळ खाण्याचा आहे. काळ्या आयसिंगचा विकतचा केक मला नको आहे, कारण त्याने मुलांच्या जिभा काळ्यानिळ्या होतात आणि निम्मा केक ताटलीत तसाच राहतो. दिसायला भुताटकीचे, पण चवीला आपल्या घरचे असे काही करावे, अशी माझी इच्छा आहे.

अडचणी मात्र बऱ्याच आहेत. शनिवार असल्यामुळे आमच्याकडे अंडेसुद्धा चालणार नाही. समोरचे कुटुंब जैन असून ते कांदा, लसूण, बटाटा, बीट यांपैकी काहीच खात नाहीत आणि सूर्यास्तापूर्वी जेवतात. ऑक्टोबरअखेरीस मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे भुतांची मेजवानी लख्ख उजेडात पाच वाजताच मांडावी लागेल. एका मुलाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे, तेव्हा चेटकिणीच्या बोटांना बदामाची नखे लावण्याची नेहमीची युक्ती बाद झाली. मामंजींना मधुमेह आहे. घरात ओव्हन नाही. आणि सर्वांत मोठी अट सासूबाईंची आहे: लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला असल्यामुळे त्या आठवड्यात फराळाची तयारी सुरू झालेली असेल, पण नैवेद्य दाखवण्याआधी चकली, करंजी, शंकरपाळे यांतले काहीही पानात दिसता कामा नये. ‘तुमच्या भुतांना काय हवे ते घाला, माझे डबे उघडायचे नाहीत,’ हे त्यांचे शब्द. मला त्यांचे म्हणणे पटते, पण चकलीसारखा कोळ्याचा पाय दुसऱ्या कशाचाही होत नाही, हेही तितकेच खरे.

आतापर्यंत सुचलेले असे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगम कोरून दिवे करत. तिथले लोक अमेरिकेत गेले आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. आपल्या मंडईतला लाल भोपळा जाड सालीचा आणि कोरायला चिवट असतो, शिवाय आपल्या उकाड्यात कोरलेला भोपळा लवकर खराब होतो. म्हणून तो कोरण्याऐवजी खावा आणि त्याचे घारगे करून त्यांनाच डोळे-तोंड पाडावे, असा विचार आहे. पण डोळे पाडले की वाफ निसटून जाते आणि घारगा फुगत नाही. तो चामट होऊन बसतो. दुसरा पदार्थ काळ्या जामुनाचा कोळी. तिसरे म्हणजे रक्तासारखे दिसणारे कोकम सरबत, त्यात भिजवलेला सब्जा घातला की थेट बेडकाची अंडी दिसतात. (हे मुलांना सांगितल्यावर दोघींनी आताच पिणार नाही म्हणून जाहीर केले आहे.)

तर घारग्याचा चेहरा कसा जमवावा, पोटभरीचा एखादा तिखटमिठाचा पदार्थ कोणता करावा, आणि रंगाच्या बाटलीला हात न लावता काळा रंग कशाने आणावा, एवढे कृपया सुचवा. सरबतातून धूर निघावा म्हणून ड्राय आइस आणावा, असे आमच्याकडे काहींचे म्हणणे आहे. त्याबद्दलही मत द्यावे.

प्रतिसाद १

घारगा फुगलाच पाहिजे हा आग्रह सोडून द्यावा, म्हणजे निम्मा प्रश्न सुटेल. दोन वाट्या भोपळ्याच्या किसाला साधारण एक वाटी गूळ घेऊन दोन्ही एकत्र शिजवावे, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा घालावा आणि मिश्रण पूर्ण गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक आणि दोन-तीन चमचे तांदळाची पिठी घालून घट्ट मळावे. पाण्याचा थेंबही घालू नये. पोळी नेहमीच्या घारग्यापेक्षा पातळ लाटून वाटीने गोल पाडावेत, डोळे आणि तोंड टोकदार सुरीने कापावे आणि अगदी मंद आचेवर सावकाश तळावेत. पोळी जाड राहिली किंवा आच मोठी झाली की ते मऊ आणि चामट होतात. पातळ आणि मंद तळले तर बिस्किटासारखे खुसखुशीत होतात. काळे तीळ चिकटवून डोळे करण्याच्या फंदात पडू नका, निम्मे तीळ कढईच्या तळाशी सापडतात. थोडे घारगे डोळे न पाडता फुगवून घ्यावेत. मोठी माणसे तेच मागतील.

कोळ्याच्या पायांसाठी जाड शेव किंवा बाजारच्या गाठिया वापराव्यात, त्याला सासूबाईंची हरकत नसावी. जामुन पाकातून काढून जाळीवर निथळू द्यावेत आणि पाय आयत्या वेळी खोचावेत, नाहीतर पाकाने ते लोळागोळा होतात.

प्रतिसाद २

काळ्या रंगासाठी दूर जायला नको, आपली कारळ्याची चटणी आहेच. लसूण वगळून, कारळे मंद भाजून, लाल तिखट आणि मीठ घालून कुटावे. लहान इडल्यांना मोहरीचे दोन डोळे लावले की पांढरीशुभ्र भुते तयार होतात. ती ताटभर कारळ्याच्या चटणीत उभी केली म्हणजे स्मशानातली माती वेगळी दाखवायला नको. चटणी कोरडी असल्यामुळे वर तेल किंवा तूप सोडण्याची वाटी शेजारी ठेवावी.

पोटभरीसाठी ‘ममी’ करा. बटाटा चालत नसल्यामुळे कच्ची केळी उकडून किसावीत. मिरची, कोथिंबीर, आमचूर आणि मीठ घालून बोटाएवढे लांबट रोल वळावेत. मैद्यात तेलाचे मोहन घालून घट्ट पीठ भिजवावे, त्याच्या पातळ पट्ट्या कापून रोलभोवती वेड्यावाकड्या गुंडाळाव्यात आणि एका टोकाला डोळ्यांपुरती फट सोडावी. पट्टीचे शेवटचे टोक पाण्याच्या बोटाने चिकटवले नाही, तर कढईत ममी वस्त्रहीन होते. मामंजींसाठी सॉसच्या रिकाम्या बाटलीतून तव्यावर डोशाचे पीठ सोडून कोळ्याचे जाळे काढावे. तेलही कमी लागते आणि मुलेही स्वयंपाकघरात येऊन उभी राहतात.

प्रतिसाद ३

ड्राय आइसला माझा स्पष्ट विरोध आहे. तो म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश सेल्सिअसचा. त्याचा तुकडा तोंडात किंवा पोटात गेला तर आत इजा होते, आणि मुलांच्या हातातल्या पेल्यात तुकडा विरघळला की नाही, हे गर्दीत पाहणार कोण? बंद खोलीत तो वायू साठतो, हा धोका वेगळाच.

काळ्या रंगासाठी अलीकडे पदार्थांत ॲक्टिव्हेटेड चारकोल घालतात, तोही टाळावा. पोटातली औषधे तो स्वतःकडे ओढून घेतो आणि त्यांचा गुण कमी होऊ शकतो. तुमच्याकडे मधुमेहाच्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ आहेत. सब्जाही व्यवस्थित भिजून फुगल्याशिवाय मुलांना देऊ नये.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ड्राय आइस रद्द केला आहे. कारळ्याच्या चटणीत उभी इडली ही कल्पना सासूबाईंना इतकी आवडली की चटणी त्याच कुटणार आहेत. आता एकच शंका: शनिवारी सकाळी मुलांची शाळा असल्यामुळे ममी शुक्रवारी रात्री वळून फ्रिजमध्ये ठेवल्या तर चालतील का?

प्रतिसाद २

आतले रोल वळून झाकून ठेवा, पट्ट्या मात्र रात्री गुंडाळू नका. फ्रिजमध्ये त्या वाळून तडकतात आणि रोलच्या ओलाव्याने खालून चिकट होतात. पीठ ओल्या फडक्यात गुंडाळून बाहेर काढून ठेवा, दुपारी तीनला पट्ट्या कापा आणि शाळेतून आलेल्या मुलांना गुंडाळायला बसवा. तळण मात्र साडेचारच्या आधी सुरू करू नका.