अडकित्त्यात सापडणे की धर्मसंकटात?

प्रश्नकर्ती : मी एक दीर्घकथा लिहीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तेव्हाची ही कथा आहे. तिच्यातल्या सुनेचे माहेर मराठी, सासर कानडी, आणि दोन्ही घरांतली माणसे तिला जिवाभावाची. ‘ती अडकित्त्यात सापडली’ असे मी लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘धर्मसंकटात सापडली’ असे केले. गंभीर प्रसंगी अडकित्ता हलका वाटतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगता येत नाही.

संस्कृतचा अभ्यासक : संपादकांचे बरोबर आहे. कौरवांच्या भर सभेत द्रौपदीच्या बाजूने बोललेला विकर्ण पुढे भावांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मारला गेला. न्याय एकीकडे आणि रक्ताचे नाते दुसरीकडे, आणि दोन्ही धर्मच. ही अवस्था ‘धर्मसंकट’ याच शब्दात मावते. अडकित्ता हा शब्द ‘अडकणे’ या क्रियापदापासून आला आहे आणि तो केवळ अडचण दाखवतो.

बेळगावकर : व्युत्पत्तीबद्दल मी नम्रपणे असहमत आहे. कानडीत अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री. ‘अडकत्तरी’ म्हणजे सुपारी कातरायची कात्री, आणि आपला अडकित्ता तिकडूनच आला. ‘अडकणे’शी त्याचे साम्य फक्त कानाला जाणवणारे आहे. पेचात सापडलेल्या माणसाला कानडीतही अडकत्तरीत सापडलेला म्हणतात. ज्या सुनेची दोन घरे दोन भाषांची आहेत, तिच्यासाठी दोन्ही भाषांना सामाईक असलेला शब्द खोडावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

संस्कृतचा अभ्यासक : सुपारीची व्युत्पत्ती मान्य करतो. परंतु कत्तरीही मूळच्या ‘कर्तरी’चेच रूप आहे आणि कात्रीही तिचेच. मग सरळ ‘कात्रीत सापडली’ असे का लिहू नये? ‘कैचीत’ मात्र नको, तो शब्द तुर्की आहे.

जुनी वाचक : कैची तुर्की म्हणून टाळायची, तर ‘पेच’ फारसी म्हणून टाळावा लागेल, आणि मग मराठी माणसाने अडचणीत सापडायचे तरी कोणत्या शब्दाने? माझा आग्रह ‘इकडे आड, तिकडे विहीर’ या म्हणीसाठी आहे.

बेळगावकर : ती म्हण इथे लागू पडत नाही. आड अरुंद, विहीर रुंद, एवढाच काय तो फरक; पडले तर दोन्हीकडे बुडणेच. आडाला किंवा विहिरीला आपण हवेसे नसतो. या सुनेला दोन्ही घरे आपल्याकडे ओढत आहेत, आणि कथेतला संघर्ष त्या ओढण्यातून उभा राहतो.

कोकणातून : माझ्या आजीचा पितळी अडकित्ता माझ्याकडे आहे, तो आत्ता हातात घेऊन पाहिला. त्याच्या वरच्या पात्यालाच धार आहे. खालचे बोथट, मधोमध किंचित खोलगट, सुपारी निसटू नये म्हणून. कात्रीची दोन्ही पाती कापतात, अडकित्त्यात मात्र एक बाजू नुसती धरून ठेवते आणि दुसरी कापते. त्यामुळे दोन्ही वाक्प्रचार एकाच अर्थाचे मानू नयेत, असे मला वाटते. धरून ठेवणारी बाजू कोणती आणि कापणारी कोणती, हे लेखिकेने ठरवले, तर तिला हवा तो शब्द आपोआप सापडेल.

प्रश्नकर्ती : हे वाचून मी थबकले. मी आजवर सासर कापणारे मानून लिहीत होते. परंतु सासूने तिला कधी कठोर शब्द बोललेला नाही, आणि ‘शाळा सोडू नकोस, नाहीतर आमच्याकडे येऊ नकोस’ असे पत्र माहेरून येते.

जुनी वाचक : मग बोथट पाते सासूचे झाले. त्या खालच्या पात्याला आपल्याकडे वेगळे नाव आहे का? आमच्या घरी दोन्हींना पातेच म्हणत.

कोकणातून : आमच्याकडेही तसेच म्हणतात. बेळगावकरांनी कानडीतले नाव विचारून पाहावे.