मदत हवी आहे: सोन्याचं लाल द्रावण अँटिबॉडी टाकताच निळं पडतंय

खाडीकाठची:
नमस्कार. एम.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. कॉलेज सिंधुदुर्गात, प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाडी दिसते. प्रोजेक्ट लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) तपासणीच्या पट्टीचं आहे. दिसायला प्रेग्नन्सी टेस्टसारखीच, रेघ उमटते ती सोन्याच्या नॅनोकणांची. विषय माझाच हट्टाचा. लावणीच्या दिवसांत आमच्या वाडीत कुणालाही ताप भरला की घरात पहिला शब्द 'लेप्टो' निघतो, आणि रिपोर्टसाठी तालुक्याला पळावं लागतं.

सोनं छान जमतं. 0.01 टक्के क्लोरोऑरिक आम्ल 100 मिली, उकळी आल्यावर 1 टक्के ट्रायसोडियम सायट्रेट 1 मिली. आधी राखाडी, मग जांभळट, मग कोकमाच्या आगळासारखं लाल. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर प्रकाश शोषणाचं शिखर 526 नॅनोमीटरला, म्हणजे कण साधारण 40 नॅनोमीटरचे.

घोडं पुढे अडतं. 1 मिली सोन्यात 10 मायक्रोग्रॅम अँटिबॉडी (शेळीची, माणसाच्या आयजीएमविरुद्धची; आयजीएम म्हणजे संसर्ग झाल्यावर रक्तात आधी येणारी अँटिबॉडी) घातली की मिनिटभरात जांभळं, दहा मिनिटांत निळं, सकाळी तळाशी काळा गाळ. पाच वेळा झालं. माझा संशय हवेवर आहे. इथे लोखंडी तवा पुसून ठेवला नाही तर रात्रीत गंजतो, मग नॅनोकणांचं काय! दुसरा संशय पाण्यावर, कारण आमचं डिस्टिलेशन बंद आहे आणि मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी वापरतेय. गाईड म्हणतात, सोनं संपायच्या आत विषय बदल. बदलायचा नाहीये.

पेजभात:
समुद्राक कित्याक गाळी घालतस गो? अँटिबॉडी कशात विरघळवलेली आसा ता आधी बघ. बाटलीवरचा लेबल वाच.

खाडीकाठची:
वाचलं. पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर), आणि सोडियम अझाइड (सडू नये म्हणून घालतात ते). पीएच मीटरने मोजला, सोन्याचा 6 च्या आसपास. मात्र मीटर नंतर वेडंवाकडं दाखवायला लागला.

जुना_केमिस्ट:
मग चोर सापडला. पीबीएस म्हणजे जवळजवळ 0.8 टक्के मिठाचं पाणी. खारं तुझ्या बाटलीतूनच येतंय, खाडीतून नाही.

सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ पडलं की त्याचे आयन त्या भाराभोवती गर्दी करतात, लोटण्याचा जोर दोन पावलांवरच संपतो आणि कण चिकटतात. सुटे कण हिरवा प्रकाश शोषतात म्हणून द्रावण लाल दिसतं. चिकटले की शोषण लाल रंगाकडे सरकतं, द्रावण निळं होतं. फॅरेडेने 1857 मध्येच मीठ घालून हा रंग पालटताना पाहिला होता, तेव्हा तू एकटी नाहीस. अँटिबॉडी कणाभोवती नीट बसली की तीच कवच होते, मग मिठाचं भय नाही. पण तुझ्या नळीत ती बसायच्या आत मीठ पोचतंय.

आता कर काय. अँटिबॉडी रात्रभर 4 अंशांवर 2 मिलिमोलर बोरॅक्सच्या पाण्यात डायलिसिसला लाव, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून बुडव, मीठ बाहेर जातं आणि अँटिबॉडी आत राहते; दोनदा पाणी बदल. अझाइडही निघून जाईल, तेही जोडणीत लुडबुड करतं. सोन्याचा पीएच पोटॅशियम कार्बोनेटने 8.5 ते 9 वर आण, 6 ला अँटिबॉडी नीट बसत नाही. आणि पुन्हा कधी उघड्या सोन्यात पीएच मीटर बुडवू नकोस! इलेक्ट्रोडमधून क्षार झिरपतो, कण टोकाला बसतात, मीटर कामातून जातो. कागदाची पट्टी वापर.

मग दहा नळ्या घे. प्रत्येकीत सोनं सारखं, अँटिबॉडी 0, 2, 4 मायक्रोग्रॅम अशी चढती. दहा मिनिटांनी प्रत्येकीत सोन्याच्या दहाव्या हिश्शाएवढं 10 टक्के मीठ मुद्दाम घाल. लाल टिकणारी पहिली नळी तुझं प्रमाण, वर थोडं जास्त धर. मग बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घालून कणांवरच्या उरलेल्या जागा बुजव. बॅटरीचं पाणी मात्र बंद कर, त्याच्यावरचा संशय खोटा नव्हता.

लॅबवाली:
मी तालुक्याच्या गावी लॅब चालवते. एक सांगते, रागवू नकोस. आयजीएम रक्तात दिसायला ताप आल्यावर साधारण पाच-सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी आलेल्या शेतकऱ्याला तुझी पट्टी कितीही लाल असली तरी निगेटिव्हच दाखवेल. त्या दिवसांत पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) लागतो, आणि डॉक्टर बऱ्याचदा लक्षणं बघूनच डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करतात. प्रबंधात हे पहिल्याच पानावर लिही. आणि वाडीतल्या कुणाचं रक्त घेऊन बघायचं मनात असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी काढ.

खाडीकाठची:
रक्ताचा विचार मनात होता, कबूल. परवानगीचा अर्ज मागवलाय.

आणि झालं! डायलिसिस चालू असताना नेहमीप्रमाणे लाईट गेली, तेव्हा काकाच्या होडीवरची थर्माकोलची पेटी आणि बर्फ आणून त्यात बीकर ठेवला. बीकरला किंचित बांगड्याचा वास होता, त्याकडे दुर्लक्ष केलं. मिठाच्या चाचणीत पहिल्या तीन नळ्या निळ्या, चौथी जांभळट, पाचवीपासून सगळ्या लाल. पाचवीत 8 मायक्रोग्रॅम होते, म्हणजे माझे 10 बरोबरच होते, मीठ चुकलं होतं. आज चौथा दिवस, रंग तसाच.

आता दुसरं दुखणं. सोनं सुकवलेले पॅड आणि नायट्रोसेल्युलोजच्या पट्ट्या (ज्यांवर रेघ उमटते त्या) डेसिकेटरमधून, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यातून, काढल्या की पापडासारख्या सादळतात, रेघ पसरते. नवा धागा काढू की इथेच विचारू?

पेजभात:
हंयच इचार. ह्या खेपेक मात्र चूक हवेचीच आसा.