मदत हवी आहे: हिरडीची फ्लॅप सर्जरी, पाचव्या दिवशी एक टाका सैल

तुकोगंजकर (इंदूर)
सासूबाईंची (वय ६४, डायबिटीसच्या गोळ्या चालू) खालच्या उजव्या दाढांची फ्लॅप सर्जरी (हिरडीचा पदर, म्हणजे फ्लॅप, उचलून आतून साफ करून परत शिवतात) सोमवारी झाली. आज शनिवार. काळ्या रेशमी धाग्याचे पाच टाके आहेत, ते बुधवारी काढायचेत. सकाळी पोहे खाताना जखमेवर लावलेल्या गुलाबी पॅकचा (लेपाचा) तुकडा निघाला (शेव घातली नव्हती, शपथ). खाली एका टाक्याचं टोक लोंबतंय आणि हिरडीवर पांढरट थर दिसतोय. ताप नाही, दुखणं कालपेक्षा कमी. दवाखाना सोमवारी उघडेल. धागा कापू का? थर म्हणजे पू आहे का?

हिरडी_आणि_हाड
कापू नका, ओढू तर मुळीच नका. टाक्याचं काम एवढंच की फ्लॅप हाडाला आणि मुळाला टेकून, न हलता राहावा. म्हणून एक टाका सैल झाला की नाही यापेक्षा हिरडीची कड जागेवर आहे का, हे महत्त्वाचं. टॉर्च लावून एकदाच बघा, गाल न ताणता. गाल ओढून रोज टाके मोजणारी प्रेमळ माणसंच फ्लॅप उचकटवतात. कड बसलेली असेल तर सोमवारपर्यंत थांबता येतं. कड लोंबत असेल किंवा हाड उघडं दिसत असेल तर आजच कुठल्याही डेंटिस्टकडे जा.

पांढरा थर बहुधा फायब्रिनचा, जखमेची तात्पुरती खपली. खरवडू नका. पू असेल तर घाण चव येते, दाबल्यावर पातळ पिवळं येतं आणि तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. जबड्याखाली सूज पसरली, तोंड उघडेना, गिळायला त्रास होऊ लागला किंवा ताप आला तर रविवार असला तरी थांबू नका.

पॅक साधारण आठवडाभर ठेवतात. पाचव्या दिवशी तुकडा पडला आणि दुखत नसेल तर बहुतेक वेळा नवा लावत नाहीत, पण डॉक्टरांना कळवा. रक्त आलंच तर ओला गॉज २० मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका.

मऊ_भात
क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के (जंतुनाशक माउथवॉश) दिलं असेल: १० मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा. पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबा, नाहीतर पेस्टमधला फेसाचा पदार्थ औषध निकामी करतो. खळखळ न करता मान हलवून तोंडात फिरवा आणि हळूच सोडून द्या, थुंकण्याचा जोर नको. दात तपकिरी होतील, चहाने जास्त. ते नंतर पॉलिश करून निघतं. जखमेवर लवंगतेल नको, ते भाजतं.

खायला खिमट, वरण-भात, दहीभात, दुधी. भुट्ट्याचा कीस मऊ असला तरी मिरची काढून, कोमट आणि डाव्या बाजूनेच. शेव, कचोरी, गराडू (तळलेला कंद), दाण्याचा कूट नको: टोकदार कण टाक्यात अडकतात. खाणं नीट होत नसताना गोळी मात्र नेहमीची घेतली तर साखर उतरू शकते, आणि साखर वाढली तर जखम रेंगाळते. म्हणून घरच्या मशीनवर रोज तपासा.

तुकोगंजकर
कड बसलेली आहे. बुधवारी डॉक्टर नसले तर पुढचा सोमवार चालेल?

हिरडी_आणि_हाड
तो चौदावा दिवस. रेशीम ७ ते १० दिवसांत काढायचं असतं. हा धागा विणलेला, वातीसारखा लाळ आणि जंतू आत ओढतो. जास्त राहिला तर भोवती सूज येते आणि गाठ हिरडीत रुतते. आपोआप विरघळणाऱ्या धाग्याची गोष्ट वेगळी. सर्जरीचा कागद घेऊन इंदूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात किंवा दुसऱ्या डेंटिस्टकडे गेलात तरी काम होईल. धागा गाठीखाली हिरडीलगत कापतात, म्हणजे तोंडात राहिलेला मळका भाग जखमेतून ओढला जात नाही. घरच्या कात्रीने हे जमत नाही.

ब्रश बाकीच्या दातांवर रोजचाच. त्या दाढांवर टाके काढल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, अगदी मऊ. दोन आठवड्यांनी हिरडी बाहेरून बरी दिसते, पण आतले तंतू अजून कच्चे असतात. त्या काळात टूथपिक घातली की चिकटलेलं सुटतं. सूज उतरल्यावर दाढा लांब दिसतील आणि गार पाणी झोंबेल. ते टाक्यांमुळे नाही, हिरडी खाली बसल्याने मूळ उघडं पडतं. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट विचारून घ्या.