माजी विद्यार्थ्यांना करिअरबद्दल नेमकं विचारायचं काय?

टीवाय_स्टॅट्स:
मुंबई विद्यापीठाच्या एका कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय स्टॅटिस्टिक्स. राहते कळव्याला. बाबा रिक्षा चालवतात, आई घरी ब्लाउज शिवते. घरात कुणी ऑफिसात नोकरीच केलेली नाही, त्यामुळे अ‍ॅक्च्युअरी (विम्यातल्या जोखमीचा हिशेब करणारा) किंवा डेटा अ‍ॅनालिस्ट दिवसभर करतो काय, हे विचारायला माणूस नाही. यूट्यूबवर सगळे पगार सांगतात, काम कुणी सांगत नाही.

लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावरून माजी विद्यार्थी शोधले आणि ११ जणांना पाठवलं, 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, प्लीज गाइड मी फॉर माय करिअर.' एकच उत्तर आलं, 'ऑल द बेस्ट.' माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होतो, पण आम्हाला खुर्च्या लावायला बोलावतात, बोलायला नाही. मेपर्यंत एम.एस्सी. की अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा ते ठरवायचंय. एकदा चुकलं तर दुसऱ्यांदा फी भरणं घरी झेपणार नाही.

परळ_ते_ठाणे:
मलाही असे मेसेज येतात आणि मीही कित्येकांना उत्तर दिलेलं नाही, त्याचं वाईट वाटतं. 'गाइड करा' म्हटलं की तासभर बसून लिहावं लागेल असं वाटतं, रविवारवर ढकलतो आणि राहून जातं.

विमा कंपनीत अ‍ॅक्च्युअरिअल विभागात मला ९ वर्षं झाली. गेल्या वर्षी माझ्याच कॉलेजच्या एका मुलीने विचारलं, 'सर, काल सकाळी ऑफिसात तुम्ही काय केलंत?' एवढंच. कुर्ला ते ठाणे उभ्या उभ्या उत्तर लिहिलं. पॉलिसींची फाइल आली होती, त्यात ४०० जणांची जन्मतारीख १ जानेवारी १९००. रकाना रिकामा राहिला की सिस्टीम ती तारीख आपोआप भरत होती. तशीच सोडली असती, तर सव्वाशे वर्षांची माणसं हप्ते भरताहेत असा हिशेब निघाला असता. ही चूक सापडण्यातच सकाळ गेली. तिचं लगेच उत्तर, 'हे मला दिवसभर करायला आवडेल.' पुढे आम्ही तीनदा बोललो.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील, तर एकदम फैसला करायची गरज नाही. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची आधी एसीईटी ही प्रवेश परीक्षा असते, मग एकेक पेपर. बरेच जण ते नोकरी सांभाळून देतात. त्यातल्या सीएस१ या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरमधलं प्रॉबॅबिलिटी, रिग्रेशन तू शिकतेच आहेस. एसीईटी देऊन बघ, एम.एस्सी.चा रस्ता त्याने बंद होत नाही.

उपनगरातली_शिक्षिका:
बाळा, विभागप्रमुखांकडे माजी विद्यार्थ्यांची यादी माग. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा मुद्दा असतो, त्यामुळे यादी कुठल्या ना कुठल्या कपाटात सापडेल. बड्या हुद्द्यावरची नावं सोड. पास होऊन दोन ते पाच वर्षं झालेली मुलं बघ, पहिली नोकरी कशी मिळाली ते त्यांना अजून लख्ख आठवतं.

आम्ही २०० जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. महिनाभरात त्यात सुप्रभात आणि वाढदिवस उरले. आता मी एका मुलामागे एकच माणूस देते, तीन महिने, तीन भेटी. पहिली भेट विभागातच, शिक्षकांच्या समोर. हे तूही पाळ, एकटीने बाहेर भेटायला जाऊ नकोस.

कॉमर्सवाला_भांडुप:
एकालाच विचारून थांबू नकोस गं. मी सी.ए.बद्दल एकाच दादाला विचारलं, त्याने ३ वर्षांच्या आर्टिकलशिपची (सी.ए.च्या हाताखाली काम शिकण्याची) अशी धास्ती घातली की मी फॉर्मच भरला नाही. २०२३ पासून ती २ वर्षांची झालीय. किमान तिघांशी बोल, त्यातला एक तरी ते क्षेत्र सोडलेला असू दे.

टीवाय_स्टॅट्स:
मॅडम, यादी खरंच निघाली! जाड हिरवं रजिस्टर, सुरुवातीच्या पानांवर नुसते लँडलाइन नंबर. शेवटच्या पानांवर २०२२ च्या बॅचची एक ताई सापडली, ठाण्यात डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. सरांनी आधी तिला फोन करून विचारलं, मग मी लिहिलं, 'ताई, मी तुमच्याच विभागात टी.वाय.ला आहे. काल ऑफिसात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?' रात्री साडेदहाला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. दोनदा ऐकला, एकदा आईला ऐकवला. शनिवारी ११ वाजता ती विभागात येतेय.