कांद्याच्या मुळावर हळदीचा अर्क: इंडेक्स उतरला तर ‘कॅन्सरविरोधी’ म्हणता येईल का?

कृष्णाकाठ:
बीएस्सी तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट, कॉलेज सांगलीत. यार्डातली हळकुंडं दळून पाण्यात उकळली आणि गाळलेल्या अर्कात कांदे ठेवले. कंट्रोलला साधं पाणी, तुलनेला ०.०५ टक्के कोल्चिसीन (पेशीविभाजन अडवणारं रसायन), ४ तास. अडचणी दोन. साध्या पाण्याच्या स्लाइडवरही मेटाफेज (गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात ती विभाजनाची अवस्था) शोधून सापडत नाहीत. कोल्चिसीनमध्ये मायटॉटिक इंडेक्स (शंभरातल्या किती पेशी विभाजनात आहेत तो आकडा) कमी व्हायचा सोडून वाढलाय. अर्काने इंडेक्स उतरला तर शीर्षकात ‘कॅन्सरविरोधी’ घालू का? पुढे याच विषयात संशोधन करायचंय, त्यामुळे स्पष्ट सांगा.

भिंगवाला:
आधी स्लाइड सुधारा. नुकता काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटत नाहीत. जुना घ्या, वाळकी मुळं ब्लेडने खरवडा आणि फक्त बूड पाण्याला टेकू द्या. मुळं १-२ सेंमी झाली की सकाळी कापा. फिक्सेटिव्ह (पेशींना आहे त्या अवस्थेत थांबवणारं द्रावण) त्याच दिवशी बनवा: ॲब्सोल्यूट अल्कोहोल ३ भाग, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १ भाग. २४ तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलात घालून फ्रिजमध्ये.

वॉचग्लासमध्ये ॲसिटोकार्मिनचे (गुणसूत्रांना चढणारा रंग) ९ थेंब, १ नॉर्मल एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक आम्ल) १ थेंब. वाफ येईपर्यंतच गरम करा, उकळी नको. मग १५-२० मिनिटं झाकून ठेवा. आता खरी मेख: टोकाचा गडद रंगलेला १ ते २ मिमी भाग तेवढाच स्लाइडवर घ्या. तुम्हाला दिसताहेत त्या बहुतेक लांबट पेशी असणार. त्या वरच्या भागातल्या, विभाजन संपवून वाढीला लागलेल्या. तिथे मेटाफेज मिळणारच नाही.

४५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा थेंब, कव्हरस्लिप, वर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हरस्लिप सरकली की पेशींच्या वळकट्या होतात. पेशी सुट्या न होता गठ्ठ्याने राहिल्या तर आम्ल कमी पडलंय, पेशींना जोडणारं पेक्टिन सुटलेलं नाही.

अजिंक्यतारा:
कोल्चिसीनचा आकडा चुकलेला नाही. ते ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे गुणसूत्रं ओढून वेगळी करणारा तंतूंचा सांगाडा, म्हणजे स्पिंडल, उभा राहत नाही आणि पेशी मेटाफेजलाच अडकते. मागून येणाऱ्या पेशी तिथेच साठत जातात, म्हणून इंडेक्स फुगतो. म्हणून नुसता इंडेक्स लिहू नका, प्रत्येक अवस्था वेगळी मोजा. मेटाफेज भरमसाट आणि त्यापुढच्या अवस्था, ॲनाफेज व टेलोफेज, नावापुरत्या, तर तो अडथळा. सगळ्याच अवस्था कमी, तर पेशी विभाजनात शिरतच नाहीत किंवा मरताहेत. सदाफुलीतलं व्हिंक्रिस्टीन हे कॅन्सरचं औषधही स्पिंडल उभा राहू देत नाही. टॅक्सॉल हे दुसरं औषध उलट मायक्रोट्यूब्यूल (ट्यूब्युलिनचे तंतू) सुटूच देत नाही. शेवट दोन्हीकडे सारखाच, पेशी अडकते.

‘कॅन्सरविरोधी’ मात्र अजिबात नको. मूलाग्रातल्या (मुळाच्या टोकाच्या) पेशी निरोगी आहेत, विभाजन हे त्यांचं रोजचं काम. वनस्पतीत पी-५३ हे गाठी रोखणारं जनुकच नाही, प्राण्यांच्या पेशीत स्पिंडल जिथून उभा राहतो तो सेंट्रोसोमही नाही. शिवाय ०.०५ टक्के कोल्चिसीन म्हणजे सुमारे १.२५ मिलिमोलर. प्राण्यांच्या पेशींना याच्या हजाराव्या भागाच्या आसपास पुरतं, कारण वनस्पतीचं ट्यूब्युलिन त्याला सैल धरतं. कांद्यावरचा डोस माणसाला लावायची सोयच नाही.

आणि कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, पाण्यात जवळपास विरघळत नाही. तुमच्या अर्कात स्टार्चच जास्त असणार. अल्कोहोलात अर्क काढा, पातळ करा आणि कंट्रोलमध्येही तेवढंच अल्कोहोल घाला, नाहीतर अल्कोहोलचा परिणाम हळदीच्या नावावर जमा होईल. कर्क्युमिन उजेडात आणि अल्कधर्मी पाण्यात फुटतं, म्हणून बाटलीला फॉइल लावा. शीर्षक साधं ठेवा: ‘हळदीच्या अर्काचा कांद्याच्या मूलाग्रातील पेशीविभाजनावर परिणाम’.

कोल्चिसीन विषारी आहे. हातमोजे घाला, उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. घाटातल्या कळलावीच्या कंदातही तेच असतं. कुणी ‘फुकटात काढू’ म्हणालं तर ऐकू नका.

कृष्णाकाठ:
एका मुळाच्या किती पेशी मोजायच्या? आणि पुढची वाट?

पेशीवेल्हाळ:
एका मूलाग्राच्या किमान १००० पेशी, प्रत्येक गटात ३ वेगळे कांदे. एकाच कांद्याची पाच मुळं म्हणजे पाच नमुने नव्हेत. स्लाइडवरची चिठ्ठी झाकून मोजा, नाहीतर डोळा हवं तेच शोधतो.

वाटेचं म्हणाल तर आधी ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंटचं काम वाचा. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी फलित सी अर्चिनच्या अंड्यांना किरणोत्सारी मेथिओनीन दिलं आणि ठरावीक वेळाने नमुने काढून जेलवर चालवले, म्हणजे त्यातली प्रथिनं पट्ट्यांमध्ये वेगळी केली. बाकीचे पट्टे वाढत गेले. एक मात्र वाढायचा आणि दर विभाजनाला गायब व्हायचा. तो सायक्लिन, पेशीविभाजनाची वेळ ठरवणारं प्रथिन. हार्टवेल आणि नर्स यांनी यीस्टवर काम केलं, आणि २००१ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. सायक्लिनच्या जोडीला काम करणाऱ्या सीडीके-४ आणि ६ या विकरांना रोखणारं पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. तिघांपैकी कुणीही सुरुवात औषध शोधायला केली नव्हती.

तुम्हीही एकाच वेळेचा नमुना घेऊन थांबू नका. कोल्चिसीनची मुळं ०, १, २, ३, ४ तासांना फिक्स करा, मेटाफेज साठताना आलेखात दिसतील. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा), मग पीएचडीला खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) किंवा आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था). मुलाखतीत हा आलेख पुढे ठेवा. ‘कंट्रोल काय होता’ हा प्रश्न तिथे हमखास येतो.