चित्रामागचे श्रम प्रदर्शनात मांडावेत का?

प्रश्न

एका समकालीन चित्रकाराचे प्रदर्शन नुकतेच पाहिले. पूर्ण झालेल्या चित्रांइतकीच जागा तेथे अर्धवट सोडलेल्या कॅनव्हासना, रंगाने कडक झालेल्या फडक्यांना आणि रोजच्या कामाच्या नोंदवहीला दिली होती. वहीच्या एका पानावर तारखेपुढे ‘कालचे सगळे खरवडले’ एवढेच लिहिले होते आणि त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. मात्र वही वाचली नसती, तर ती चित्रे मला तेवढीच भावली असती का? कलाकृतीचे मोल ठरवताना तिच्यामागचे कष्ट धरावेत का?

प्रतिसाद १

हा वाद १८७८ मध्ये न्यायालयातही गेला होता. चित्रकार व्हिसलर यांनी आतषबाजीच्या एका चित्रासाठी २०० गिनी (जुने इंग्रजी चलन) मागितल्यावरून कलासमीक्षक रस्किन यांनी जहाल टीका केली आणि व्हिसलर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन दिवसांच्या कामाची ही किंमत का, असे उलटतपासणीत विचारल्यावर, ती आयुष्यभराच्या कामातून मिळवलेल्या ज्ञानाची आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. दावा ते जिंकले, पण भरपाई मिळाली अवघी एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

तासांचा हिशेब मलाही गौण वाटतो. पण श्रम हाच चित्राचा विषय असेल तर गोष्ट वेगळी. चित्रकार रोमन ओपाल्का यांनी १९६५ मध्ये एकपासून क्रमाने आकडे रंगवायला घेतले आणि २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ५६ लाखांच्या पुढे गेले. कुंचला रंगात बुडवला की आकडा ठळक उमटतो, मग रंग संपत जाईल तसा फिकट होत जातो आणि पुन्हा ठळक होतो. कुंचला कितव्यांदा बुडवला, हे कोणत्याही वहीशिवाय मोजता येते.

प्रतिसाद २

मी तैलरंगात काम करते. तैलरंग हा पाणी उडून नव्हे, तर तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतो. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त ठेवावे लागते, नाहीतर पुढे तडे जाण्याची भीती असते. त्यामुळे कामाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो आणि तासांच्या नोंदीत तो कुठेच येत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या-खरवडायच्या पात्याने) रंग चढवत आणि काढत. त्यांच्या चित्रांसमोर ही संथ गती आपोआप जाणवते. आपण पुन्हा गेलात, तर चित्राची बाजूची कड अवश्य पाहा. समोरून झाकलेले थर तेथे पुष्कळदा उघडे राहतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आज पुन्हा जाऊन आलो. समोरून संपूर्ण निळ्या दिसणाऱ्या मोठ्या चित्राच्या डाव्या कडेला गेरूसारखा तांबडा थर आहे, त्याखाली पिवळट थर आहे आणि दोन ठिकाणी पाते थेट कापडापर्यंत पोहोचल्याच्या खुणा आहेत. वहीतली ती ओळ बहुधा याच चित्राविषयी असावी.