कुवेतला घरकामाला जायचंय, एजंट म्हणतो ‘आधी दुबई’. चालतं का?

घरकुलकर:
सोलापुरात विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका बाईंचं (वय २७, शिक्षण आठवी) कुवेतला घरकामाला जायचं घाटतंय. एजंट सत्तर हजार मागतो. दुबईचा टुरिस्ट व्हिसा काढू, पुढं कुवेतचं बघू, म्हणतो. नुसत्या विडीवर भागत नाही, त्यामुळं घरचे तयार आहेत. धोका नेमका कुठं?

कागदपत्रवाला:
टुरिस्ट व्हिसातच. दहावी पास नसली की पासपोर्ट सहसा ईसीआरचा (नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागणारा) निघतो. त्यावर कुवेत, ओमान, सौदी धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे सरकारची परवानगी, लागतो, आणि घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय ३० पूर्ण हवं. २०१६पासून अशा बायकांची भरती सरकारी संस्थांकडूनच होते. खाजगी एजंटाकडं परवाना असला तरी हे काम त्याचं नाही. फिरायला निघालेल्या माणसाला मात्र क्लिअरन्स लागत नाही, एजंट नेमकी तीच फट वापरतात. मग करार नाही, दूतावासात नोंद नाही, प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही नाही. (दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये!) आणि सत्तर हजार कशाचे? परवानाधारकालासुद्धा ३० हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं.

निळीछत्री:
बरोबर, पण त्या फटीत बाईला ढकलतो कोण? वयाची अट संरक्षणासाठी घातली, तरी २७ वर्षांच्या बाईला सरळ वाटच उरत नाही. जाणाऱ्या जातातच, फक्त कागद नसतात.
कुवेतचा २०१५चा ६८ क्रमांकाचा कायदा वाचायला बरा आहे: दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याची पगारी सुट्टी, पासपोर्ट मालकानं ठेवून घ्यायचा नाही. २०१६मध्ये किमान पगार ६० दिनार ठरला होता. गोम अशी, की राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला. मारहाणीला कंटाळून घर सोडलं तर मालक तिला ‘फरार’ म्हणून नोंदवतो आणि बाईच बेकायदा ठरते.

घरकुलकर:
थोडे पैसे आधीच दिलेत. पासपोर्टही त्याच्याकडंच.

कागदपत्रवाला:
आधी पासपोर्ट परत घ्या. देत नसेल तर पोलिसांत लेखी अर्ज, पोच घेऊन. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर परवानाधारकांच्या यादीत एजंटाचं नाव शोधा. नसेल तर १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली गुन्हा आहे, मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडंही (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) तक्रार टाका. व्हॉट्सॲप, यूपीआयच्या नोंदी पुसू नका. आणि एजंट दहावीचं बोगस गुणपत्रक ‘करून देतो’ म्हणाला तर साफ नाही म्हणा, त्यात आरोपी बाई होते.